एजिदियोनं पहिल्यांदाच लपवलं

माझा भाऊ एजिदियो मिलानच्या ट्रामच्या कारखान्यात ब्रेक दुरुस्त करायचा. पन्नाशी आली तरी त्याच्या पोटात काही राहायचं नाही. पगार, पडसं, बायकोशी भांडण, सगळं आधी माझ्या कानावर. आई गेल्यावर मीच वाढवलं ना त्याला, आणि अजून राहते त्याच्याच घरात!

त्याची मुलगी लोरेदाना सोळाची. सात महिने झाले, पोरीनं जेवण टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन किलो उतरली तर इस्पितळात ठेवून नळीनं भरवावं लागेल. मग काय, रोज जेवताना लढाई. वहिनी रडायची, एजिदियो ओरडायचा, मी घास मोजायची. नवराबायको एकमेकांशी बोलायचे ते फक्त पोरीच्या ताटावरून.

शेवटी अख्ख्या कुटुंबावर एकत्र उपचार करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. पहिल्या खेपेला मलाही बसवलं, नंतर फक्त नवराबायकोला. म्हटलं, वा! दुखणं पोरीचं, औषध आईबापाला! बाईंनी त्यांना काम दिलं होतं: एका संध्याकाळी नुसती चिठ्ठी ठेवून दोघांनी बाहेर जायचं, आणि कुठे गेलो ते कुणालाही सांगायचं नाही. आईबापांचं आपसात काही असलं, की पोरीला उपाशी राहून त्यांना जोडावं लागत नाही, हे बाईंचं गणित मला फार पुढे कळलं.

गुरुवारी टेबलावर चिठ्ठी. "आज आम्ही जेवायला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर मरणाच्या दारात, आणि हे हिंडायला!

लोरेदाना चिठ्ठी वाचून पांढरी पडली. "आत्या, दोघं एकत्र गेले?"

"नाहीतर काय! बस, मक्याचा पोलेंटा वाढलाय."

"नको." खोलीत गेली, आतून कडी लावली. मी दाराशी बसून हाका मारत राहिले.

रात्री आठला दोघं आले.

"कुठे उलथला होतात?"

एजिदियोनं कोट खुंटीला लावला. "ताई, ते आमच्या दोघांचं आहे."

"माझ्यापासून लपवतोस? माझ्यापासून?"

"हो."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. बॅग भरायला वळले, तर खोलीची कडी निघाली. पोर सगळं ऐकत होती. आमच्याकडे न बघता ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचं झाकण वाजलं. मग चमचा.

मी धावणार, तोच वहिनीनं मनगट धरलं. "वन्सं, नका ना बघू."

आम्ही तिघं पाठ फिरवून उभे राहिलो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी; रागाचं की आनंदाचं, देव जाणे. आतला चमचा थांबला. कुणीच मान वळवली नाही.

चमचा पुन्हा वाजला.