खालच्या अंगठ्याचा आकडा

विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला लवू परब चाळीतलं सगळं दुरुस्त करायचा. मिक्सर, इस्त्री, आणि एकदा तर कोणी सांगितलं नसताना देवळातली घंटा. गुरू एकच, मोबाइलवरचे व्हिडिओ. पण तो वाट्टेल त्या गुरूच्या पाया पडणारा नव्हता. कौतुकाचे अंगठे तो बघायचाच नाही. "स्तुती काय, व्याहीपण करतो," म्हणायचा. बघायचा तो खाली वळलेला अंगठा. शंभरात तीन खाली दिसले, की व्हिडिओ बंद. या एका नियमावर त्याने इतकी वर्षं कोणाला शॉक बसू दिला नव्हता.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीनंतर खालच्या अंगठ्यापुढचा आकडाच नाहीसा झाला. लवूने चष्मा पुसून पाहिलं. एकाही व्हिडिओला कोणी नावं ठेवली नव्हती. करोनानंतर माणसं सुधारली, असा निष्कर्ष त्याने काढला. असा निष्कर्ष काढणारा मुंबईत तो एकटाच असावा.

डिसेंबरात त्याने चाळीतल्याच धाकूच्या कुकरचा गळका सेफ्टी व्हॉल्व्ह व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे लांबीचा लगदा भरून कायमचा बुजवला. जानेवारीत शेजारच्या प्रेमावहिनींचा. तो कुकर रविवारी सकाळी परत देऊन तो गॅलरीत आला आणि तिथे बसलेल्या शेजारी भाऊराव कांबळ्यांना व्हिडिओ दाखवू लागला.

"बघ, एक माणूस नाराज नाही."

"कुठल्या जगात आहेस, लव्या? आकडा कंपनीनेच लपवलाय. सगळ्यांचाच. पेपरात आलं होतं."

"लपवलाय म्हणजे?"

"अंगठे आहेत. आपल्याला दिसत नाहीत."

भाऊराव प्रतिक्रिया वाचणारे गृहस्थ. भांडणाचा वास त्यांना लांबून येई. 'छान सर', 'बहुत बढिया', जोडलेले हात, असं करत ते खाली खाली गेले आणि थांबले. कोणीतरी लिहिलं होतं: 'भाई लोग मत करो, हमारा कुकर फटा, बीवी का हाथ जला.'

लवू वहिनींच्या खोलीकडे धावला. प्रेमावहिनींनी कुकर मघाशीच चढवला होता.

दार उघडंच होतं. गॅस मोठा. कुकर गप्प.

"वहिनी, शिट्टी?"

"एकपण नाही ओ, भावोजी. सालाची मुगडाळ लावून वीस मिनिटं झाली. भलताच टाइट केलात वाटतं!" असं हसत त्या चमच्याने शिट्टी उचलायला निघाल्या.

"हात लावू नका! बाहेर व्हा!"

लवूला ओरडताना चाळीने प्रथमच ऐकलं. तो गुडघ्यांवर बसून ओट्याखाली शिरला. डोक्यावर बारीक सूं आवाज चालू होता. घामाने रेग्युलेटर हातातून दोनदा सटकला. तिसऱ्यांदा फिरला. दार ओढून तिघं गॅलरीत उभे राहिले. डाळीकडे इतका कान लावून आजवर कोणी उभं राहिलं नसेल.

तासाभराने झाकण निघालं. शिट्टीखालच्या भोकात डाळीची सालं घट्ट बसली होती; वाफेची दुसरी वाट लवूनेच बुजवली होती. लवूने वहिनींना सगळं सांगितलं, काही न लपवता.

त्यांनी भोकातली सालं चमच्याने उकरली. मग म्हणाल्या, "धाकूभावोजींचापण तुम्हीच केलात ना?"

धाकू आठ दिवसांपूर्वी बायकोला घेऊन कणकवलीला गेला होता. जाताना कुकर पिशवीत घालताना लवूला म्हणालाही होता, "तुझ्या हातचा आहे, गावात दाखवतो."

लवूने फोन लावला. साडेबारा वाजले होते, कणकवलीत जेवणं व्हायची वेळ. रिंग वाजत राहिली. त्याने परत लावला.

"उचलतोय?" भाऊरावांनी विचारलं.

लवूने तिसऱ्यांदा लावला.