सैल पडलेला मुखवटा

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं घरच्यांवर रुसून अन्न सोडलंय, अशी आवई उठली आणि संध्याकाळपर्यंत तिला हातपाय फुटून तो आता जातोच, इथवर गेली. साफ खोटं. रुसणं त्याला जमतच नाही. तो थेट भडकतो, म्हणून तर गल्ली त्याला भट्टी म्हणते. अन्न त्यानं सोडलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं ते त्याच्यापुढून काढून घेतलं होतं.

भट्टीच्या घशात, टॉन्सिलजवळ, कॅन्सरची गाठ निघाली. उभ्या जन्मात ज्यानं विडी ओढली नाही की बाटलीला हात लावला नाही, त्याच्या घशात! गल्लीनं लगेच त्याला चोरून पिणारा ठरवून टाकलं. तपासणीत शिरेतून साखरेसारखं औषध देऊन फोटो काढला, तर पडद्यावर गाठ दिव्यासारखी उजळली. "बघा, साखर कशी ओढतेय," तिथला माणूस सहज म्हणाला. ताईनं नेमकं तेवढंच उचललं. घरी येताच साखरेचा डबा कुलपात गेला, त्याच्यामागे पाव, बटाटा, केळं, भात. मोबाइलवर कुणी ना कुणी रोज नवी बंदी धाडायचंच. उरलं काय, तर उकडलेल्या भाजीचं पाणी. लोण्याच्या बिस्किटांचे ट्रे ओढणारा माणूस स्वतःच्या भट्टीपुढे उपाशी! आतल्या आत धुमसायचा. पण आईमागे ताईनंच वाढवलेलं, तिच्यापुढे तोंड उघडायचं नाही.

गाठीवर किरणांचे शेक चालू होते. शेक घेताना मान हलू नये म्हणून जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा, चेहऱ्याच्या मापानं बनवलेला, तोंडावर दाबून टेबलाला अडकवतात. साच्यात कोंबलेल्या पिठासारखा भट्टी त्यात पडून राहायचा. एका सकाळी मुखवटा लावणाऱ्या मुलीनं त्याच्या गालाशी बोट घातलं, तर ते आरपार आत गेलं.

"काका, सैल झालाय हा. मान हलतेय. असा शेक दिला तर भलतीकडे बसेल. आज नाही."

"नाही म्हणजे? मध्ये खंड पडला तर?"

"तर गाठीला उसंत मिळेल. म्हणून तर विचारते, एवढे वाळलात कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. ताईनं पथ्य अभिमानानं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"ही गाठ म्हणजे विषाणूचं काम आहे, विडी-दारूचं नाही. तो कित्येकांच्या अंगात शिरतो, बहुतेकांचा आपोआप जातो. यांचा वर्षानुवर्षं दडून राहिला. पेशीला आवर घालणारं एक जनुक असतं, पी-फिफ्टीथ्री." नाव असं, की बसचा नंबर वाटावा. "बिघाड दिसला की ते पेशीची वाढ थांबवतं, साखर बेतानं जाळायला लावतं. विषाणू त्या राखणदारालाच मोडीत काढतो. मग पेशी मोकाट सुटतात, साखर ओढतात, अर्धवट जाळतात आणि वाढत राहतात."

"मग मी काय वेगळं केलं? साखरच बंद केली!"

"तुम्ही ताट बंद केलंत ताई, रक्तातली साखर नाही. खायला नाही मिळालं की शरीर स्वतःचं मांस झिजवून साखर बनवतं. गाठीचं काही अडत नाही. अडतं यांचं. नव्या मुखवट्याचं माप घेऊ, पण आता वजन घटू द्यायचं नाही."

व्हरांड्यात येताच भट्टी पेटली. रांगेतल्या माना वळल्या.

"वितळवलंस मला! मी चोरून पितो म्हणून बोंबलणारे तेच मला पथ्य शिकवणार आणि तू त्यांचं ऐकणार? एकदा, एकदा तरी डॉक्टरला विचारायचं होतंस!"

"तुझ्या जिवासाठीच केलं रे."

"आणखी चार दिवस केलं असतंस, तर तोच गेला असता!"

घरी पोचेपर्यंत भट्टीचे कान लाल होते.

नवा मुखवटा बसला, शेक पुन्हा सुरू झाले. घसा आतून सोललेला, घोट म्हणजे निखारा. तरी त्यानं वाडगं पुढे ओढलं. ताईनं दुधात पाव कुस्करला, कुलूप काढलं आणि वर साखर घातली. चिमूटभर, विष मोजावं तशी. डबा पुन्हा बंद करायला निघाली.

"पुरे ना रे एवढी? उगाच त्या गाठीला जाईल."

भट्टीनं चमचा आपटला.

"मी नाही खाल्लं तर ती मला खाते, ताई. आण ती किल्ली इकडे."