खालची कळी

सीपरी बाजारात मी ग्लॅडिओलसचा पूर्ण उमललेला दांडा उचलला, तर फुलवाला म्हणाला, “दीदी, खिला हुआ मत लो, कल तक मुरझा जाएगा.” आणि कळीचा एक दांडा काढून तो कात्रीने छाटू लागला.

बाबाही हेच सांगायचे. रिटायर झाल्यावर घरामागे जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन ते बाजारासाठी ग्लॅडिओलस लावायचे. खालच्या कळीत रंग दिसला की दांडा कापायचा, हा त्यांचा कायदा. “फुलूच द्यायचं नाही तर लावता कशाला?” म्हणून मी त्यांना चिडवायचे.

एका वर्षी फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पलंग मागच्या खिडकीशी होता. एका सकाळी ते डाव्या हाताची दोन बोटं उघडत होते, मिटत होते, पुन्हा पुन्हा.

“नखं वाढलीत का, बाबा?” मी नेलकटर आणलं. त्यांनी हात ओढून घेतला, मग दमून सोडून दिला. नखांत अजून माती होती. मी एकेक नख जपून कापलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “लागलं का हो?” मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ते फुलं कापायला सांगत होते. हे मला आज कळलं, त्या कात्रीकडे बघताना.

नखं कापली त्यानंतर चार दिवसांनी सगळा तुकडा शेंड्यापर्यंत फुलला. मी पडदा सारला आणि त्यांना उशीला टेकवून बसवलं. “बाबा, बघा तरी, किती सुंदर!”

त्यांनी डोळे मिटून घेतले.