धुळाजींची पारख आणि काळ्या मिशा

वडीगोद्रीचे धुळाजी हे माझे चुलते. निजामाच्या राज्यात काळविटाचे वय ओळखणारा माणूस म्हणून त्यांची आसपास ख्याती होती. पाटलांची ठासणीची बंदूक शिकारीस निघाली की धुळाजींना पुढे घालीत, कारण कळपातील कोवळा नर मारू नये असा त्यांचा कडक नेम होता. त्यांची शिकवण अशी: शिंगाला पीळ नसेल तर ते पोर समजावे. तीन-चार पीळ दिसले की नर पुरता वाढला. अंग पिवळट तोवर तरुण. पाठ जितकी काळी, तितके वय अधिक. तरीही शंका उरल्यास जनावर पडल्यावर दातांची झीज पाहावी. या शेवटच्या परीक्षेचा काळविटाला काही उपयोग नसे, हे मान्य करावे लागेल.

काकी वारल्यावर धुळाजी स्वतःच भाकरी थापू लागले. त्या भाकरी मेंढ्यांनीही नाकारल्या. तेव्हा शहागडच्या गोपिकाबाईंशी पाट लावून दुसरा संसार मांडावा असे त्यांनी मनात घेतले. गोपिकाबाई विधवा होत्या, आणि पुन्हा विधवा होण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून धुळाजींनी पिकल्या मिशांना तेल-काजळ लावले व मला सोबत घेऊन शहागड गाठले.

गोपिकाबाईंचा भाऊ कचरू याने वय विचारले.

"चाळीस असंन," धुळाजी म्हणाले.

दारामागून गोपिकाबाई बोलल्या, "कचरू, पाव्हण्यायला विचार, काळवीट काळं कवा पडतंय?"

शिकवण्याची सवय धुळाजींना आवरली नाही. "वय झाल्यावर, बाई. जसं वय चढंल तसं काळं होत जातंय. बिलकुल कोळसा."

"अन् मिशा?"

कचरूने धोतराचा सोगा तोंडाला लावला. गोपिकाबाई पुढे आल्या. "जरा दात दाखवा बरं."

"दात जनावर मेल्यावर बघत्यात, बाई," धुळाजी गंभीरपणे म्हणाले.

"मंग जिते हायेत तवर खरं सांगा."

धुळाजी खाली बघत म्हणाले,

"पंचावन्न. एखांदं जास्तच असंन."

"अजून काय लपवलं?"

"काय न्हाई. डावा गुडघा दुखतो."

गोपिकाबाई पाठ फिरवून आत गेल्या. धुळाजींनी पागोटे सारखे केले आणि आम्ही उठू लागलो. तेवढ्यात आतून आवाज आला,

"कचरू, पाव्हण्यायला बसव, भाकरी टाकून राह्यले. अन् पाटाचा दिवस जल्दी धर म्हणावं. ह्यांचं वय काय थांबून राह्यलं न्हाई."