नातीला पाजलेलं पाणी

माझी शाळा चौथीत सुटली, पण पाणी कुठलं प्यावं हे मला कुणी शिकवलेलं चालत नाही. कोकणातला माणूस मी, झऱ्याच्याच पाण्यावर वाढलो.

गेल्या वर्षी मुलाने आम्हाला आयर्लंडातल्या त्याच्या घरून, ड्रोहेडाहून, लांबच्या एका बेटावर सुट्टीला नेलं. दोन विमानं, मग बोट. बेटाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. पण उतरलो, तांबडी माती, माड, फणस बघितले आणि वाटलं, घरीच आलो. आयर्लंडात मला साधी बस कुठली धरायची तेही विचारावं लागतं. तिथे मुलगाच मला विचारत होता, बाबा, हे झाड कसलं, ते फळ खायचं का.

धबधबे तीन पाहिले. तिसऱ्याच्या वाटेवर सूनबाई म्हणाली, "बाबा, पाणी फक्त बाटलीतलं हं." ती आणि मुलगा फोटो काढत पुढे गेले आणि मला कातळातून झिरपणारा झरा दिसला. केळीचं पान तोडलं, पन्हळ लावली, नातीला म्हटलं, "पी गो बाय. असलं पाणी तुझ्या आईने जन्मात प्यायलं नसेल."

"आजोबा, इट्स सो कोल्ड!" सात वर्षांची पोर, ओंजळी भरभरून प्यायली.

"आईला सांगू नको हां."

तिने माझ्या करंगळीत करंगळी अडकवली.

परत आल्यावर आठव्या दिवशी तिला ताप भरला. डोळे लाल. पोटऱ्या दुखतात म्हणून रडायला लागली, तेव्हा मला तो झरा आठवला. असल्या तापाने गावाला माणसं गेलेली मी बघितली आहेत. तरी गप्प राहिलो. उतरेल म्हटलं. दोन दिवस तसेच घालवले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तिथे उघड्यावरचं पाणी प्यायली का? मुलगा म्हणाला, "नो, ओन्ली बॉटल्ड." मग बाईंनी वाकून नातीलाच विचारलं. एवढं इंग्रजी मला कळतं. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"खोटं सांगत्ये ती," मी म्हटलं. "मी पाजलं. झऱ्याचं."

"काय? बाबा, कधी?"

"आधी त्यांना सांग. मला काय बोलायचं ते मागाहून बोल."

मुलाने सांगितलं. बाई भराभर लिहायला लागल्या, नर्सला हाक मारली. नात हुंदके देत म्हणाली, "यू सेड डोन्ट टेल!" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

औषध लागू पडलं, पोर बरी झाली. सूनबाई रोज सकाळी चहा आणून देते, साखर बरोबर आहे ना विचारते. त्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. दोन दिवस गप्प का बसलात, एवढं तरी तिने विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी भांडलो असतो.