राखेच्या विटांचे डोहाळे

पहिल्या बाळंतपणाला लेक धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावी आली आणि न्हाणीघराची मागची भिंत झिजायला लागली. गिलावा न केलेली, कायम ओली राहणारी भिंत. मला वाटलं, उंदीर. मग एका दुपारी लेकच सापडली. नखानं वीट खरवडून बोट चोखत होती.

"आई, ओल्या भिंतीचा वास लई ग्वाड येतोय गं," ती लाजून म्हणाली.

मी हसले. तिच्या वेळी मीही जुन्या घराची पांढरी माती खाल्ली होती. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. म्हणून मीच विळ्यानं विटेचे कपचे काढून वाटीत घालून दिले. जळली माझी हौस!

धाराशिवला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माती, खडू असलं काही खाते का? लेकीनं खरं ते सांगितलं.

"भिंत कशाची आहे?"

"नवीच हाय की. राखेच्या विटांची," मी तोऱ्यात म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक असू शकतं. वीट सतत ओली राहिली की ते पाझरतं, पोटातल्या आम्लात आणखी सुटतं आणि आईकडून बाळाकडं जाऊ शकतं. किती गेलं असेल, ते रक्त तपासल्यावरच कळणार.

परतताना एसटीत मी वाटीत किती कपचे दिले ते मोजत होते. लेक खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"आई, तू खाल्लीस तवा मला काय झालं व्हतं का?"

"न्हाय गं. ती माती व्हती."

घरी येताच नवऱ्याच्या मागं लागून भिंतीवर पत्रा ठोकून घेतला. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा आहे. फोन वाजला की मी धावत जाते आणि सगळा राग नवऱ्यावर निघतो. वाशीहून त्या विटा त्यानं आणल्या, पण भरवल्या कुणी?

काल लेक पत्र्याला नाक लावून उभी दिसली. "खात न्हाय, नुसता वास घेतीया," ती रडवेली होऊन म्हणाली आणि एकदम तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, कसं हालतंय!"

बाळ जोरात हाललं. लेक हसायला लागली. मला हसू येईना. ते खेळतंय की तळमळतंय, मला कळत नव्हतं.