गुरूची फुगवण

दुर्बीण घरी आली तेव्हा बायकोने खोक्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "हे ठेवणार कुठे?" मला वाटलं होतं, यातून काय काय दिसतं असं काहीतरी ती विचारेल. आमचा फ्लॅट नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत वॉशिंग मशीन, कपड्यांचं स्टँड आणि तुळस. उरलेल्या जागेत दुर्बीण उभी राहिली आणि तिच्यातून उरलेल्या जागेत मी. एकदा मागे शिरलो की कोणीतरी स्टँड हलवल्याशिवाय मला घरात परत येता यायचं नाही. बायकोला ही सोय आवडली असावी, कारण ती स्टँड लवकर हलवायची नाही.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की मोठ्या नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण उजेडातच जुळवून घ्यावी. दोन्हींमधून लांबची एकच वस्तू दिसली पाहिजे. मी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी निवडली. टाकी उलटी दिसली. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं हे पुढच्या पानावर होतं, पण पुढचं पान वाचण्याचा माझा स्वभाव नाही. मी स्क्रू पिळत बसलो असताना टाकीशेजारी एक गृहस्थ डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत हातवारे करताना दिसले. उलट्या माणसाचा राग पटकन ओळखू येत नाही. थोड्या वेळाने ते आमच्या दारात उभे राहिले, सुलटे, तेव्हा ओळखू आला. त्यांच्या गच्चीवर घरच्या बायका कपडे वाळत घालत होत्या आणि मी तिकडे नळी रोखून बसलो होतो. बायकोने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "अहो भाऊ, यांना अजून टाकीसुद्धा धड दिसत नाहीये, बायका कुठून दिसणार?" गृहस्थ हसले आणि गेले. माझी एक अब्रू वाचली, दुसरी गेली.

त्याच आठवड्यात मी शनी पाहिला. पश्चिमेला, मोबाइलवर दाखवला होता त्याच जागी. गोल, तेजस्वी आणि स्पष्ट कड्याचा. मी ओरडलो. बायको पोळी तव्यावर टाकून आली, डोळा लावला आणि म्हणाली, "हा मेदूवडा आहे."

खरोखरच मध्ये भोक होतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शनीच्या कड्याचं साग्रसंगीत वर्णन केलं, दोघांना शनी दाखवायला घरी बोलावलं आणि मग पुस्तिकेचं ते पुढचं पान वाचलं. फोकस बिघडलेला असला की कुठलाही तारा असाच भोकाचा दिसतो. फोकसचं चाक फिरवल्यावर माझा मेदूवडा आकसत आकसत एक ठिपका झाला. तो शनी नव्हताच. त्या दोघांना मी घरात पाहुणे आल्याचं कळवलं.

"हे माहेरी घेऊन चला," शेवटी बायको म्हणाली. "तिकडे अंगण आहे, अंधार आहे. आणि टाकी आपलीच आहे."

माझी सासुरवाडी दिंडोरीच्या पुढे. द्राक्षबाग, बागेच्या कडेला घर. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, त्यांची मुलं आबा. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. लग्नाला वीस वर्षं झाली. या काळात मामांनी माझं कधी काही कमी केलं नाही. गेलो की पहिलं ताट माझं, निघताना टॉवेल-टोपी. मात्र जावयाला तिथे पाट मिळायचा, मत विचारलं जायचं नाही. छाटणी, फवारणी, व्यापारी, सगळी बोलणी माझ्या डोक्यावरून मेहुण्याशी व्हायची. मी मध्येच काही बोललो तर मामा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मामींना सांगायचे, "पाव्हण्यांना चहा टाका."

ते दिवस फेब्रुवारीचे होते. बागेत द्राक्षांचे मणी भरत आले होते, गोडी उतरायला अजून पंधरा-वीस दिवस होते. दिवेलागणीनंतर मी अंगणात दुर्बीण लावली. आरसा थंड होईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून आकाशाकडे बघत, पुस्तिकेतलंच वाक्य जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "आज हवा एकदम स्थिर आहे. तारे बघा, लुकलुकत नाहीत."

गुरू छान दिसेल, इतकाच त्याचा अर्थ. पण बाजेवर पडलेले मामा उठून बसले.

"स्थिर म्हंजी? पाऊस नाय ना मग?"

मामांनी मला प्रश्न विचारला होता. मी नळीला डोळा लावला, चाक थोडं इकडे, थोडं तिकडे केलं आणि म्हणालो, "तसं काही दिसत नाही." हे अक्षरशः खरं होतं. तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं.

त्या रात्री मामींनी दूध जरा जास्तच आटवलं.

नाशिकला परतल्यावर मेहुण्याचे फोन सुरू झाले. "दाजी, बघा ना जरा. आज काय म्हणतंय आभाळ?" मी गॅलरीत जायचो, यायचो आणि सांगायचो, "काही नाही." फेब्रुवारीत नाशिकला पाऊस नाही असं रोज सांगितलं तर पोपटसुद्धा बरोबर ठरतो. पण माझं बरोबर येतंय ही बातमी वस्तीवर पसरली. शेजारच्या बागायतदारांचे निरोप येऊ लागले. मीही फोनवर घसा खाकरून बोलू लागलो. बायको म्हणाली, "एक दिवस तोंडावर पडाल." मी म्हटलं, विज्ञान आहे ते.

मग एका दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर अवकाळीचा इशारा आला. पाठोपाठ मेहुण्याचा फोन. "दाजी, दुर्बीण घेऊन आत्ताच्या आत्ता या. व्यापारी म्हणतो उद्याच तोडा. पण गोडी अजून उतरली नाय, कच्चा माल जाईल. आन थांबलो आन पाऊस आला तर मणी फुटंल सगळा. आबा म्हणत्यात, पाव्हण्यांना बोलवा."

दिंडोरीपर्यंत मी रस्त्यापेक्षा ढगांकडेच जास्त बघत गाडी चालवली. दुर्बीण मागच्या सीटवर आडवी होती. बायको मध्ये एकदाच म्हणाली, "विज्ञान नीट बसलंय ना मागे?"

पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. अंगणात सात-आठ बागायतदार चहा घेत बसलेले. पश्चिमेकडून ढग चढत होते आणि वारा पडला होता. मी तिवई उभी केली. सगळे ढगांकडे बघायचे, मग माझ्याकडे. मामा काठी टेकत पुढे आले.

"मग पाव्हणं? तोडायचं का थांबायचं?"

वीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर उभा होता आणि मला पळून जावंसं वाटत होतं. अंधारात मागे ती बाग होती, वर्षभराच्या राबण्याची. माझ्या एका शब्दावर ती उद्या कच्ची तुटली असती किंवा परवा फुटून गेली असती. मी खरोखर घाबरलो.

"मामा," मी म्हणालो, "यातून पाऊस दिसत नाही. ग्रह दिसतात फक्त. एवढे दिवस मी उगाच सांगत होतो."

कोणीतरी कप खाली ठेवला. मेहुण्याने मान फिरवली. मामांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"ते मला पहिल्या दिशीच कळलं व्हतं," ते म्हणाले. "ढग यायचे इकडून आन तुमची नळी तिकडं. मी व्यापाऱ्याला दुपारीच सांगितलं, थांबतो म्हणून."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"आज झोप कोनाला हाय? बसून वरच बघायचं. जल्मभर तेच केलं हो. वर बघायचं ते निस्तं भ्यायला. आज दुसरं काय असंल तर दाखवा."

मी दुर्बीण पूर्वेकडे वळवली. तिकडे ढगांत अजून एक खिंडार होतं आणि त्यात गुरू. तो पहिल्याच झटक्यात सापडला. मामा गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि डोळा लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग मान न हलवता म्हणाले, "मणी लय बारीक हाय. फुगवण नाय झाली याची."

अंगणात हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं असावं. त्यानंतर रांग लागली. एकाने निर्यातीच्या अठरा एमएमच्या मण्याला किती कमी पडतो ते विचारलं, दुसऱ्याने त्यावरचे पट्टे बघून भुरी रोग आल्याचं निदान केलं आणि औषधही सुचवलं. मामा परत परत रांगेत येत होते. "ह्ये बाजूला चार बारके कोन?" त्यांनी विचारलं. त्याचे चंद्र, मी सांगितलं. "चार? आन आपल्याला येकच?" हे त्यांना फारसं पटलं नाही.

मग खिंडार बुजलं आणि पहिला थेंब माझ्या हातावर पडला. सगळे आपापल्या बागेकडे धावले. मामा मात्र ट्रॅक्टरकडे गेले, फवारणीच्या ब्लोअरवरची ताडपत्री ओढून काढली आणि "आधी ही झाका, काच भिजंल!" म्हणत दुर्बिणीवर टाकली. त्यांची बाग उघडी होती आणि ते माझी नळी झाकत होते. मला एकदम भरून आलं. मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरून नुसता उभा राहिलो.

शिंतोडे पडले आणि ढग पुढे सरकले. पहाटे वारा सुटला, घडांवरचं पाणी सुकलं. ठरल्या दिवशी माल उतरला, चांगल्या गोडीचा. मामांनी वस्तीवर सांगून टाकलं की थांबा असं पाव्हण्यांनीच सांगितलं होतं. मी नाही नाही म्हणत राहिलो, तर लोकांना तो विनय वाटला.

निघताना मी दुर्बीण उचलायला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच." मी बायकोकडे पाहिलं. तिला गॅलरीतली रिकामी जागा दिसत असावी. "राहू द्या की," ती म्हणाली. एवढ्या हौसेने घेतलेली माझी दुर्बीण अशी सासरी नांदायला गेली.

चार दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. वीस वर्षांत मामांनी मला स्वतःहून फोन केला नव्हता. मला वाटलं, घरी काहीतरी झालं.

"पाव्हणं, चार व्हते ना? आज तीनच दिसत्यात. येक गेला कुठं?"

"गुरूच्या मागे गेला असेल, मामा. फिरतात ते त्याच्याभोवती."

"मग यील का परत?"

"येईल."

"नक्की? का मागच्यावानी सांगताय?"

"नक्की, मामा. चुकायचा नाही."

जेवणं उरकल्यावर फोन पुन्हा वाजला. "आला," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.